अजून मांजरी उघडलेली नाही

११ ऑगस्ट, सोमवार

आज चौथ्यांदा टीव्हीवर. चाळीस मिनिटं पडद्यावरच्या एका खिडकीत बसून होते, बोलायला मिळाली दोन वाक्यं. दुसरं अर्ध्यात ब्रेकने खाल्लं.

इस्त्रीच्या टेबलावर तांदळाचा डबा, डब्यावर लॅपटॉप. मागे पुस्तकांचं कपाट यावं म्हणून नवऱ्याने, अविने, कपड्यांचा स्टँड बाल्कनीत नेला आणि चर्चा संपेपर्यंत दाराशी राखण करत उभा राहिला. बिचारा.

बाहेर आले तर सासूबाईंनी टीव्ही बंद केलेला. म्हणाल्या, "छान दिसत होतीस. शेजारच्या खिडकीतले बोलत होते, तू ऐकत होतीस. कुणीतरी ऐकायला हवंच की." सदाशिव पेठ सोडून हडपसरला येऊन सहा वर्षं झाली, जीभ तिकडचीच आहे.

वाहिनीतली श्रुती पाच वाजता फोन करते. पाहुणे गोळा करणं हे तिचं काम. "मॅडम, एक गेस्ट कॅन्सल झाले न. तुम्ही याल न?" दर वेळी कुणीतरी रद्द झालेलं असतं. मी बदली.

तोंडाने म्हणायची लाज वाटते म्हणून इथे लिहिते. मला हे काम हवंय. शेहेचाळिसाव्या वर्षी, बावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून झाल्यावर, मला ती खुर्ची हवी आहे. माझी म्हणून.

१९ ऑगस्ट

श्रुतीचा मेसेज : "आज कोणती बाजू घ्याल मॅडम? सरकारची की विरोधी?"

मी : दोन्हीकडचं थोडं बरोबर आहे.

ती : "तशी खिडकी नाही न आपल्याकडे. 😀"

हसले. मग नाही हसले.

२ सप्टेंबर, मंगळवार

घेतली बाजू. विरोधी. विषय पक्षांतराचा. समोरच्या प्रवक्त्याला म्हणाले, "लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" तो ओरडला, मग मी त्याच्याहून मोठ्याने. निवेदक विक्रांत मधे पडलाच नाही, नुसता खूश होऊन बघत होता.

एका तासात तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर. अविच्या खराडीच्या ऑफिसातल्या मुलांनी त्याला पाठवला, "सर, धिस इज युवर वाइफ? काय खतरनाक बोलतात यार!" नणंदेचा फोन. सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्या.

छान वाटतंय. खरंच छान वाटतंय.

३ सप्टेंबर

स्टाफरूममध्ये दिवसभर कौतुक. चहा माझ्यावर.

चार वाजता भोसले मामा हजेरीपट घेऊन आले. कॉलेजात माझ्याही आधीपासून शिपाई आहेत, रोज हडपसरपलीकडच्या मांजरी गावाहून पहाटेची बस धरून येतात.

"म्याडम, काल बघितलं. घरात समद्यांनी बघितलं."

"कसं वाटलं मामा?"

"आवाज लई मोठा हाय तुमचा." मग दाराशी थांबून, "वर्गात तर कधी येवढा लावत न्हाय."

एवढंच बोलून गेले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमणे मला घरी मिळतात, सवय आहे.

कालचा तुकडा पुन्हा बघितला. आवाज बंद करून बघितला. ती बाई कोण, कळेना.

५ सप्टेंबर

श्रुतीला फोन केला. म्हटलं, येईन, पण बाजू घेणार नाही. जे माहीत आहे तेवढं सांगेन.

ती हळूच म्हणाली, "मॅडम, मग तुमचं नाव यादीत खाली जाईल. माझ्या हातात नाही न ते. आत्ताच तर तुम्ही वर येऊन राहिल्या होत्या."

चंद्रपूरची पोर. पुण्यात एकटी राहते. तिला वाईट वाटलं होतं, आवाजात कळलं.

अविला सांगितलं. तो कांदा चिरत होता. "मग आता?" म्हणाला. मला काय माहीत.

२१ सप्टेंबर, रविवार

फोन नाही. पाच वाजले की मान आपोआप फोनकडे वळते.

उद्या घटस्थापना, म्हणून माळा उपसला. माझ्या वह्यांची पिशवी निघाली! निवडणूक ड्यूटीच्या वह्या. बाकीचे प्राध्यापक ड्यूटी टाळायला डॉक्टरचे दाखले आणायचे, मी दर वेळी गेले. तेव्हा आम्ही पेठेत राहायचो आणि स्वतःच्या मतदारसंघात ड्यूटी देत नाहीत, म्हणून मला नेहमी पूर्वेकडे पाठवायचे. इकडेच. कोणतं केंद्र कोणत्या शाळेत, रांग कधी लागते, बायका कधी येतात, पुढे निकाल लागला की केंद्रवार आकडे मिळवून शेजारी उतरवलेले. का लिहायचे तेव्हा? कुणी मागितलं नव्हतं.

सा.बा. धूळ झटकत म्हणाल्या, "रद्दीवाल्याला दे म्हटलं तर रडशील का?"

"हो."

"मग राहू दे."

२७ सप्टेंबर

आमच्या मतदारसंघात पोटनिवडणूक जाहीर! एका बाजूला शेठ, दोनदा निवडून आलेले, बाजारपेठेचे. दुसरीकडे डॉक्टरबाई, पहिल्यांदाच उभ्या. सगळे म्हणतात शेठ सहज.

आता इथेच राहतो, म्हणून या वेळी ड्यूटी नाही. हात मोकळे.

वह्या जमिनीवर मांडून बसले. मतांची मोजणी मतदान केंद्रांच्या क्रमांकानेच होते, पहिल्या केंद्रापासून. एका फेरीत चौदा टेबलं, चौदा केंद्रं. म्हणजे पहिल्या फेऱ्या शेठच्याच गल्ल्यांच्या! दर वेळी ते सकाळी पुढे असतात, दर वेळी दहा वाजता गुलाल. मांजरी अगदी शेवटी. मी ड्यूटीला होते त्या शेवटच्या खेपेला अखेरच्या फेऱ्यांत त्यांची आघाडी किती आटली होती ते वहीत आहे, माझ्याच अक्षरात, लाल शाईने, शेजारी प्रश्नचिन्ह.

पण मांजरीत एवढ्या इमारती झाल्या. क्रम तोच राहिलाय का? नवी केंद्रं कुठे घातली? बघून यायला हवं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मांजरीला जाऊन आले, भोसले मामांबरोबर. ऊस, मधेच पंधरा मजली इमारत, परत ऊस.

शाळेच्या भिंतीवर केंद्रांची यादी लावलेली. बोट ठेवून ठेवून वाचली. जुना क्रम तसाच आहे, नव्या सोसायट्यांची केंद्रं शेपटाला जोडलेली. शेवटच्या तीन-चार फेऱ्या म्हणजे मांजरी आणि फक्त मांजरी.

मामांच्या घरी चहा. त्यांच्या मिसेसनी घरचा गूळ बांधून दिला. मामा म्हणाले, "गाव निम्मं-निम्मं हाय म्याडम. पर ती बिल्डिंगवाली जातील डॉक्टरबाईकडं. पाण्याच्या टँकरसाठी तीच उभी ऱ्हायली त्यांच्यासंगं."

"मग जिंकल्या की बाई."

"आवं पर येतील तर ना मतदानाला! सुट्टी मिळाली का म्हाबळेश्वर."

सगळं या एका प्रश्नावर आहे. वहीत लिहिलं : येतील का?

१९ ऑक्टोबर

चकल्या तेलात विरघळल्या. बाकी नोंद नाही.

१४ नोव्हेंबर

श्रुतीचा फोन! हातातला खडू खाली पडला, मुलं हसली.

मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठ ते साडेआठ. स्टुडिओत, खिडकीत नाही. "मुंबईचे मोठे सर दिवसभर आहेत न. तुम्ही नुसतं मतदारसंघाचं सांगायचं, गावं कोणती, लोक कोण." मग आवाज बारीक करून, "मॅडम, मी भांडून नाव घातलं तुमचं. काही चुकलं तर मला परत नाही घालता येणार. तुमचंही नाही, अन् माझंही अवघडच."

"बाजू?"

"मतमोजणीला कुठली आली बाजू?"

बरोबर आहे तिचं. अर्धा तास. यातच काय ते.

४ डिसेंबर, मतदान

स्वतःचं मत सकाळीच दिलं. मग रिक्षाने मांजरी. तिथल्या नव्या सोसायटीसमोरच्या रसवंतीत बसून राहिले, तीन ग्लास रस प्यायले, रसवंतीवाला शेवटी विचारायला लागला, "ताई, कुणाची वाट बघताय का?"

खरंच बघत होते.

अकरापर्यंत कुणी नाही. सुरक्षारक्षक आणि दोन आजोबा. बारानंतर लिफ्टा रिकाम्या व्हायला लागल्या. एकला रांग क्लबहाऊसमधल्या केंद्रापासून पार्किंगपर्यंत. गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, कडेवर पोरं. एक मुलगी रांगेतच लॅपटॉप उघडून मीटिंग करत होती, पुढे सरकायची वेळ आली की शेजारणीला म्हणायची, "एक मिनिट धर ना, मी म्यूटवर आहे."

साडेपाचला परत बघितलं. रांग होतीच.

आले. आले सगळे.

७ डिसेंबर

उद्या. जांभळी साडी इस्त्री केली. सा.बा. म्हणाल्या, "वही नेणार आहेस ना? मग ती पदराखाली झाकू नकोस. टेबलावर ठेव."

८ डिसेंबर, सोमवार

बसून नीट लिहिते. एकही गोष्ट विसरायची नाही.

पावणेआठला स्टुडिओ. कानात यंत्र बसवलं, आतल्या खोलीतून सूचना येतात त्यातून. विक्रांत हसून म्हणाला, "मॅडम, आज ओरडणार ना?" म्हटलं, नाही. पलीकडे मुंबईचे सर, पांढरे केस, चष्मा कपाळावर.

आठ ते साडेआठ : गावं सांगितली, लोक सांगितले. संपलं. यंत्र काढायला हात नेला तर श्रुती काचेपलीकडून खुणावतेय, बसा, बसा! पुढचे पाहुणे हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. बदली म्हणून आले होते, बदली म्हणूनच खुर्चीत राहिले. कधी नव्हे तो आमच्या चौकाचा उपयोग झाला.

शेठ पुढे. दुसरी फेरी, तिसरी, पाचवी. आघाडी वाढतच. साडेनऊला पट्टी आली, "शेठ विजयाच्या उंबरठ्यावर". पडद्यावर गुलाल, पेढ्यांचे खोके.

विक्रांत : "तर मॅडम, संपलं म्हणायचं ना आता?"

मी : "नाही. अजून मांजरी उघडलेली नाही."

समोरच्या खिडकीतला शेठचा प्रवक्ता खो-खो हसला. "मॅडमना मांजरीत फ्लॅट घ्यायचाय वाटतं!" विक्रांतही हसला. मी वही उघडली. सांगितलं, आत्तापर्यंत जी केंद्रं मोजली ती सगळी शेठच्या बाजारपेठेची, ते इथे पुढे असणारच. क्रमाने मोजतात, मांजरी शेवटी आहे. तिथे चार तारखेला दुपारी रांग कुठवर होती ते मी डोळ्यांनी बघितलंय. डॉक्टरबाई जिंकतील असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, आत्ता कुणी जिंकलेलं नाही.

तेवढ्यात कानात आवाज. मला ऐकू जाणार नाही असं वाटलं असावं. संपादक : "अरे, त्या बाईंना आवरा. सगळे चॅनेल निकाल देऊन मोकळे झालेत, आपण इथे वही वाचतोय!"

काचेपलीकडे श्रुती. तोंडावर हात.

तेव्हा वाटलं, आवाज चढवावा. अगदी जिभेवर आलं होतं. नाही चढवला. वर्गात मागच्या बाकाला सांगते तसं सांगितलं. "विक्रांत, सोळाव्या फेरीपर्यंत थांबा. मी चुकले तर तुम्हीच सांगा लोकांना, मॅडम चुकल्या."

मुंबईचे सर पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाले, "थांबू या की. पेढे कुठे पळून जातायत?"

वाहिनीवाले थांबले. का थांबले, माहीत नाही. पट्टी काढली मात्र त्यांनी.

बारावी फेरी : आघाडी वाढायची थांबली. चौदावी : थोडी कमी. सोळावी : मांजरीचं गाव, निम्मं-निम्मं, मामांनी सांगितलं होतं तंतोतंत तसं. मी घाम पुसला, तोही टीव्हीवर दिसला म्हणे. मग सोसायट्या. सतरावी. अठरावी. आघाडी अशी वितळत गेली की विक्रांत आकडा वाचता वाचता मधेच थांबला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. शेवटची फेरी. डॉक्टरबाई पुढे! थोड्याच मतांनी, पण पुढे.

बाकी वाहिन्यांवर तोपर्यंत शेठची मिरवणूक निघालेली. ती रस्त्यात थांबवावी लागली.

ब्रेकमध्ये सरांनी हात पुढे केला. "बाई, ती वही जरा द्या बघू." पानं उलटली, लाल शाईचं प्रश्नचिन्ह बघितलं. "किती वर्षांचं काम आहे हे?"

"बावीस."

"हं," म्हणाले आणि दोन्ही हातांनी परत दिली.

साडेआठला उठायचं होतं, दोन वाजता उठले. फोनवर मामांचा आवाज रेकॉर्ड केलेला, मागे फटाके : "म्याडम! उघडली बरं का मांजरी! उघडली!"

जिन्यात श्रुतीने मिठी मारली. रडून राहिली होती, मी पण रडून राहिले. तिचंच क्रियापद बरोबर वाटलं तेव्हा.

९ डिसेंबर

काल घरी येईपर्यंत सोसायटीच्या फाटकावर माणसं. भाजीवाल्याने कोथिंबीर जास्त दिली, "मांजरीवाल्या मॅडम!"

संध्याकाळी बघितलं तर सा.बा. माझ्या वह्यांना जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घालत बसलेल्या. "फाटतील नाहीतर," एवढंच.

अवि विचारतो, "मग, आता तरी आनंद झालाय ना?" झालाय रे. इतका की भाजी करपली.

१५ डिसेंबर, सोमवार

संपादकांनी बोलावलं. कॉफी. "त्या दिवशी कानात काही ऐकू आलं असेल तर..." "आलं," म्हटलं. हसलो दोघं, ते जरा उशिरा हसले.

रोज संध्याकाळी सात. विश्लेषक म्हणून. माझ्या नावाने, माझी खुर्ची. कॉलेज सुटल्यावर जमण्यासारखं. प्राचार्य परवानगी देतील.

मग म्हणाले, "एकच आहे. लोकांना आता तुमच्याकडून भाकीत हवंय. रोज एक. कोण जिंकणार, कोण पडणार. 'मॅडमचं भाकीत' असं नावच देऊ."

"मी भाकीत केलंच नव्हतं. थांबा म्हटलं होतं."

"लोकांना ते भाकीतच वाटलं ना पण."

मी दोन गोष्टी मागितल्या. बाजू घेणार नाही. आणि जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणेन, तेही पडद्यावर.

"टीव्हीवर माहीत नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही," ते म्हणाले. कळवतो म्हणाले.

वर्षानुवर्षं जे मनात धरलं ते टेबलावर ठेवलेलं होतं आणि मी अटी घालत होते.

१९ डिसेंबर

श्रुती : "झालं मॅडम! सोमवारपासून. अटींचं संपादक सर म्हणाले, एक दिवस बघू."

एक दिवस.

चालेल. माझं सगळं अर्ध्या-अर्ध्या तासांवरच उभं आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

पहिला दिवस. पट्टीवर माझं नाव, खाली "राजकीय विश्लेषक". अविने टीव्हीचा फोटो काढला, त्यात माझ्यापेक्षा आमचा फ्लॉवरपॉटच जास्त आलाय.

विक्रांतने पहिलाच प्रश्न टाकला. "मॅडम, अख्खं पुणे वाट बघतंय. पालिकेत कोण येणार?"

त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, त्यालाही हे विचारायला सांगितलंय.

"मला माहीत नाही."

विक्रांतचं पेन हवेत. ती दोन-तीन सेकंदं असतील, मला बावीस वर्षांएवढी वाटली, पण भीती नव्हती. खरंच नव्हती, शोधून बघितली.

मग म्हटलं, "पण कुठे बघायला हवं ते माहीत आहे. सांगू?"

"सांगा," विक्रांत म्हणाला, आणि पेन खाली ठेवलं.

सांगितलं. केंद्रं कशी बदलली, कोणत्या भागात रांगा वाढल्या, कुठे लोक येईनासे झाले, पाणी कुठे आहे आणि कुठे नाही. दोन्ही प्रवक्ते खिडक्यांत. एकाने तर काहीतरी लिहून घेतलं! आठ मिनिटं. ब्रेकची वेळ टळून गेली, एकही वाक्य कुणी खाल्लं नाही.

घरी आले. सा.बा. सोफ्यावर, टीव्ही या वेळी चालूच. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज शेजारच्या खिडकीतले ऐकत होते." आणि आत जाऊन माझं ताट वाढलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वाढलं, मी आयतं बसले.

जेवताना श्रुतीचा मेसेज : "संपादक सरांनी उद्या अकराला बोलावलं. काहून ते नाही सांगितलं. चिडले नव्हते, पण हसतही नव्हते. 🙏"

अविने वाचलं, माझ्याकडे बघितलं. "काय असेल गं?"

"माहीत नाही," म्हटलं, आणि भात मागून घेतला.

उद्या जाताना वाटेत रांगांच्या नोंदींसाठी नवी वही घ्यायची. दोनशे पानी. जुनीची दोनच पानं उरलीत.